दारापासून दोनशे पावलं: आपली गल्ली कशी तपासावी

डेंग्यू पसरवणारा एडिस डास फार लांब उडत नाही. शे-दोनशे मीटरच्या आतच त्याचा जन्म, चावणं आणि मरण. त्यामुळे घरातलं पोरगं डेंग्यूने फणफणलं असेल, तर त्याला चावलेला डास बहुतेक तुमच्याच गल्लीत, नाहीतर त्याच्या शाळेजवळ कुठल्यातरी पाण्यात वाढलेला असतो. ते पाणी शोधता येतं. तपासणीची बरीच कामं अशीच दारापासून दोनशे पावलांत होण्यासारखी असतात, म्हणून हे सगळं लिहायला बसले.

मी एकतीस वर्षं सोलापूरच्या पूर्व भागात नर्स म्हणून काम केलं. केसपेपर काढताना नाव, वय, पत्ता आणि तक्रार लिहायची. सुरुवातीची काही वर्षं पत्ता नुसता लिहीत होते. मग एका पावसाळ्यात तीन दिवसांत सात पोरं जुलाबाची आली आणि सातही कागदांवर एकाच बोळाचं नाव. ड्यूटी संपल्यावर त्या बोळात गेले. बोळाच्या तोंडाशी नळाचा पाइप गटारातून गेला होता आणि गंजून त्याला करंगळीएवढं भोक पडलं होतं. आम्ही दवाखान्यात सलाइन लावत होतो आणि दुखणं तिथे गटारात बसलं होतं. तेव्हापासून केसपेपर हातात आला की मी आधी पत्ता वाचायला लागले.

निवृत्तीनंतर लेकीने आग्रह करून जुळे सोलापूर या शहराच्या नव्या भागात नेलं. रुंद रस्ते, मोकळी हवा, रात्री यंत्रमागांची खटखट नाही. झोप इतकी शांत लागायची की बीपीची गोळी डॉक्टरांनी अर्धी केली. पण पाच महिन्यांनी तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए1सी) काढली तर ती 7.2 वरून 8.1 वर गेलेली. जेवण तेच होतं. बदललं होतं ते चालणं. इकडे पूर्व भागात दूध, भाजी, पीठगिरणी, देऊळ सगळं पायाखाली, आणि वाटेत चार जणी हाक मारणार. तिकडे सामान घरपोच यायचं, रस्त्यावर सावली नव्हती आणि हाक मारणारंही कुणी नव्हतं. बीपी उतरलं आणि शुगर चढली, दोन्ही जागेमुळे. एका बाईच्या रिपोर्टवरून नियम निघत नाही हे मला कळतं. पण अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर मोजलेलं आहे. 1994 ते 1998 या काळात तिथल्या पाच शहरांतल्या गरीब वस्त्यांमधल्या कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून बऱ्या वस्तीत भाड्याने राहायला मदत दिली गेली. दहा-पंधरा वर्षांनी त्या कुटुंबांतल्या बायकांची तपासणी झाली. ज्यांना बऱ्या वस्तीत जायची संधी मिळाली त्यांच्यात अतिलठ्ठपणा आणि मधुमेह कमी निघाला. 2011 साली ते छापून आलं. गोळी-औषध काही दिलं नव्हतं, पत्ता तेवढा बदलला होता.

आपल्यातल्या बहुतेकांना पत्ता बदलता येत नाही. मी तर बदललेला पत्ता सोडून परत पूर्व भागात आले. तेव्हा आहे त्या पत्त्यावर काय करायचं ते सांगते.

आधी वही

दोनशे पानी वही घ्या. मधलं जोडपान उघडून गल्लीचा नकाशा काढा. चित्रकला येत नसली तरी चालतं, घराला चौकोन आणि गटाराला रेघ पुरते. आपल्या दारातून निघायचं आणि ज्या ज्या बाजूला वाट जाते तिकडे दोनशे पावलं मोजत जायचं. निळ्या पेनाने नळ, हौद, बॅरल, बोअर. काळ्याने गटार, चेंबर, कचऱ्याची जागा. हिरव्याने झाडं. लालने गेल्या महिन्याभरात आजारी पडलेली माणसं, पण नाव लिहायचं नाही. चौकोनात एक लाल टिंब आणि बाजूला ता, जु, ख एवढंच. ताप, जुलाब, खोकला. दुसऱ्याचा आजार ही दुसऱ्याची गोष्ट आहे, ती वहीत नावानिशी फिरू नये.

1854 साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी हेच केलं. मेलेल्या माणसांचे पत्ते काढून घरोघर विचारपूस केली, तर ती घरं ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती गोळा झालेली दिसली. तेव्हा कॉलऱ्याचा जंतू बहुतेक डॉक्टरांच्या ध्यानीमनीही नव्हता. तरी पंपाचा दांडा काढायला लावण्याइतकं त्या पत्त्यांनी सांगितलं, आणि मागाहून त्यांनी ते नकाशावर मांडले.

एकाच वेळी सगळं टिपू नका. सकाळी सहाला एक फेरी, दुपारी तीनला एक, रात्री दहानंतर एक, असं आठवडाभर करा. सकाळची गल्ली आणि रात्रीची गल्ली वेगळी असते. आमच्याकडे कचरा जाळतात ते पहाटे, आणि घंटागाडी येते तेव्हा राख गार झालेली असते. दुपारच्या फेरीत ते कधीच कळलं नसतं.

बॅरल

आता मोठं काम. सोलापूरकराला पाणी साठवू नका म्हणणं हा अन्याय आहे. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेव्हा बाई बॅरल भरणारच. आणि एडिसला हवं असतं ते असंच स्वच्छ, साठलेलं, सावलीतलं पाणी. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या उकाड्यात सात ते दहा दिवस लागतात. पाण्याच्या दोन पाळ्या झाल्या की डासांची एक पिढी तयार, कारण तळाचं पाणी कुणी कधी काढतच नाही. वरून नवं ओततो आणि खाली जुनं तसंच राहतं.

पाणी सुटायच्या आदल्या संध्याकाळी बॅटरी घेऊन निघा. मोबाइलची बॅटरीही चालते. झाकण उचलून उजेड एकदम पाण्यावर मारू नका, बॅरलच्या कडेने सोडा आणि श्वास रोखून दहा सेकंद थांबा. अळ्या असतील तर पाण्याच्या वरच्या थरात तिरप्या, डोकं खाली करून लटकलेल्या दिसतात, शिवणाच्या दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या. सावली पडली की वळवळत तळाला जातात. अर्ध्या मिनिटाने एकेक करून परत वर येतात, कारण श्वास त्यांना वरच घ्यावा लागतो. बॅटरी मारली, काही दिसलं नाही, झाकण लावलं, एवढ्यावर उरकलंत तर फसाल. ते अर्धं मिनिट थांबायचं.

आमच्या समोरच्या अक्का विड्या वळतात. त्यांच्या दारात तीन बॅरल. पहिल्यांदा गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "सिस्टर, झाकण हाय की!" झाकण होतंच. पण कड तुटून दोन बोटांची फट पडली होती आणि डासाला तेवढी पुष्कळ झाली. मी त्यांनाच बॅटरी धरायला दिली. अळ्या वर येताना त्यांनी स्वतः बघितल्या आणि मला पुढे काही सांगावंच लागलं नाही. म्हणून म्हणते, समजावत बसू नका, बॅटरी समोरच्याच्या हातात द्या.

मग करायचं काय? पाणी फेकायला सांगू नका, कुणी ऐकणार नाही आणि ऐकूही नये. जुन्या सुती साडीची चार पदरी घडी करून त्यातून पाणी दुसऱ्या भांड्यात गाळा. अळ्या कापडावर राहतात. कापड उन्हात कोरड्या जमिनीवर झटका, गटारात नको. मग रिकामा बॅरल नारळाच्या शेंडीने आतून घासा, खास करून पाण्याची रेघ उमटते तिथे. एडिस अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या वर ओलसर कडेला चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी लागलं की फुटतात. घासल्याशिवाय कोरडा दिवस, म्हणजे आठवड्यातून एकदा भांडी रिकामी ठेवायचा दिवस, पाळून फायदा नाही तो यामुळे. मग गाळलेलं पाणी परत ओता, ते वापरायला ठेवा.

तोंडावर कापड बांधायला सुतळी घेऊ नका, ती ढिली पडते. सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापा. ती गच्च बसते, काढायला सोपी आणि पंक्चरवाला फुकट देतो. हौद मोठा असेल आणि पाणी पिण्याचं नसेल तर गप्पी मासे सोडा, महापालिकेच्या मलेरिया विभागात विचारा. तलावात किंवा ओढ्यात मात्र सोडू नका, तिथल्या माशांना ते त्रासाचे होतात.

बॅरल झाले की कूलरची टाकी, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचे टायर, देवळामागचा फुटका रांजण. गटारातल्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. तो रात्री चावतो आणि हत्तीपायाचा रोग पसरवतो. एडिस दिवसा चावतो. दुपारी झोपलेल्या बाळाला मच्छरदाणी लावा म्हणते ती याच कारणाने.

नळाचंही बघा. चार दिवस पाइप रिकामा असतो, तेव्हा बाहेरची घाण फटीतून आत शिरते. पाणी सुटल्यावर पहिलं पाच मिनिटांचं पाणी पिण्याला घेऊ नका, ते धुण्याभांड्यांना. आणि नळाला थेट मोटार लावणं थांबवा. मोटार पाणी ओढते तशी शेजारच्या गळक्या जोडातून गटारही ओढते आणि ते आधी तुमच्याच घरात येतं. हे मी गल्लीत चारदा सांगितलं तेव्हा दोघांनी मोटार काढली, बाकीच्यांनी नाही. अजून सांगते आहे. आरोग्य कर्मचारी आल्या की ओटी टेस्ट करायला सांगा. नळाच्या पाण्यात औषधाचे दोन थेंब टाकतात, पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन आहे. घराच्या नळाशी ते लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम हवं. गल्लीच्या पहिल्या घरी पिवळं आणि शेवटच्या घरी पांढरं राहिलं, तर मधे कुठेतरी घाण मिसळते आहे. कुठल्या घरापासून रंग गेला ते नकाशावर निळ्याने लिहा, फुटका पाइप त्याच्या अलीकडे-पलीकडेच सापडेल.

पत्र्याखालचा उन्हाळा

एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा 43 च्या घरात जातो. तो आकडा सावलीतला आणि मोकळ्या हवेचा. पत्र्याच्या खोलीत काय असतं ते बघायला साधा भिंतीवरचा थर्मामीटर घ्या आणि पत्र्याच्या, स्लॅबच्या, जुन्या माळवदाच्या (मातीच्या छताच्या) अशा तीन घरांत एकेक दिवस टांगा. दुपारी दोन, संध्याकाळी सात आणि पहाटे पाच, तीन वेळा आकडा लिहा. पहाटेचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. रात्री अंग गार झालं नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन म्हाताऱ्या माणसाला झेपत नाही. आमच्या गल्लीत माळवदाचं एकच घर उरलं आहे आणि मे महिन्यात दुपारी सगळ्या आज्या तिथेच जमतात. त्यांना थर्मामीटर लागला नाही.

विड्या वळणाऱ्या बायकांचा त्रास वेगळा. पंखा लावला की सुपातली तंबाखू उडते, म्हणून भर दुपारी पंखा बंद करून बसतात. त्यांना सावलीची, भिंतीआडून वारा येणारी जागा काढून द्या आणि हाताशी तांब्या ठेवायला सांगा. तहान लागायची वाट बघू नका म्हणावं.

पत्र्यावर चुना मारा. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, वस्त्रगाळ करायचा, त्यात थोडा फेव्हिकॉल घालायचा म्हणजे पहिल्या वळवात धुऊन जात नाही. मार्च सरता सरता दोन हात मारायचे, एक आडवा आणि तो वाळल्यावर एक उभा. चुना कालवताना डोळ्यांना आणि हातांना जपा, तो भाजतो. पांढऱ्या छताने खोली साधारण दोन ते पाच अंशांनी उतरते. 2010 च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत फार माणसं गेली, त्यानंतर 2013 साली त्या शहराने उष्णतेचा आराखडा केला आणि पुढे त्यात पांढरी छतं आली. आम्ही गेल्या वर्षी अकरा पत्रे रंगवले. खर्च वर्गणीतून, काम पोरांनी केलं.

आणि वहीत एक यादी करा, एकट्या राहणाऱ्या माणसांची. 1995 च्या जुलैत शिकागोत उष्णतेने सातशेच्या वर माणसं दगावली. तिथल्या दोन वस्त्या अगदी शेजारीशेजारी, दोन्ही गरीब, दोन्हीकडे एकटे म्हातारे. एकीत मृत्यूचं प्रमाण दुसरीच्या दहापट निघालं. एका वस्तीत दुकानं बंद पडलेली, रस्ते ओस, म्हातारी माणसं भीतीने दार लावून आत. दुसरीत रस्त्यावर वर्दळ, दुकानं उघडी, माणसं बाहेर पडायची आणि त्यांना बघणारं कुणीतरी असायचं. आपल्या पेठा अजून या दुसऱ्या वस्तीसारख्या आहेत, ते जपायला हवं. आम्ही सहा नावं काढली आहेत. मे महिन्यात रोज चार वाजता कुणीतरी दार वाजवतं. माणूस बरळायला लागला, अंग तापून कोरडं पडलं, तर सावलीत आणून मान, काखा, जांघेत ओली फडकी ठेवा, वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

आवाज, धूर, झाड

मागाच्या कारखान्यात हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तो आवाज कानाला इजा करणारा आहे. राहत्या वस्तीसाठी कायद्याची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहा ते सहा 45 डेसिबल. मोबाइलवरचं आवाज मोजणारं ॲप तंतोतंत नसतं, पण अंदाज येतो. मी कारखाना बंद करा असं कधीच म्हणणार नाही, त्याच मागांवर अर्धी गल्ली जेवते. आमच्या शेजारच्या शेठजींना आम्ही एवढंच म्हटलं की रात्री दहानंतर गल्लीकडच्या खिडक्या लावा आणि मागाच्या पायांखाली जाड रबर घाला. खिडक्या दुसऱ्या दिवशी लागल्या. रबर दिवाळीनंतर आलं.

धुराचं थोडक्यात. केंद्र सरकारने 2019 मध्ये हवा सुधारायचा जो कार्यक्रम काढला, त्यातल्या शहरांत सोलापूर आहे. कचरा कुठे, किती वाजता आणि कोण जाळतं ते आठवडाभर टिपा. सुताचा भुगा आणि प्लास्टिक एकत्र जळतं तो धूर दम्याच्या पोराला लगेच लागतो. जाळणारा माणूस बहुतेक गरजेने जाळतो, कारण घंटागाडी चुकलेली असते. त्याला बोलण्याआधी गाडीची वेळ नक्की करून घ्या.

झाडांची तपासणी सोपी. दारात किंवा खिडकीत उभं राहून तीन झाडं दिसतात का, आणि तीनशे मीटरच्या आत बाग आहे का. हे माप एका डच वनतज्ज्ञाने 2021 मध्ये सुचवलं. वस्तीवर तीस टक्के सावली हवी हा त्याचा तिसरा भाग. माझ्या दारातून एक कडुलिंब दिसतो आणि वाकून बघितलं तर पिंपळ. नर्स म्हणून मला जास्त पटलेली गोष्ट म्हणजे 1984 मध्ये छापून आलेल्या अभ्यासासाठी अमेरिकन संशोधक रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या रुग्णांचे केसपेपर तपासले ती. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामक औषधं कमी लागली. माझ्या वॉर्डात खिडकीजवळच्या कॉटसाठी भांडणं व्हायची, त्याचं कारण मला तेव्हा फक्त वारा वाटायचं. शहराबाहेर कुंभारीकडे नव्या घरकुलात राहायला गेला असाल तर पहिल्याच पावसाळ्यात कडुलिंब लावा. आपल्या कमी पाण्यात तो तगतो. दोन उन्हाळे जपावं लागतं, आठवड्याला दोन बादल्या, त्याही धुण्याच्या शेवटच्या पाण्याच्या.

अर्ज

काही कामं गल्लीच्या हातात नसतात. चेंबर तुंबलं, पाइप फुटला, दिवा बंद. तोंडी सांगू नका. मी तुंबलेल्या चेंबरबद्दल एका कार्यालयात तीनदा अर्ज दिला आणि तिन्ही वेळा तो सापडत नव्हता, कारण मी पोच घेतली नव्हती. एक अर्ज, एक काम, एक पान. वर जागेची खूण अशी लिहा की नवा माणूसही पोचेल. खाली तारखेचे दोन फोटो आणि आजाराची संख्या: "या चेंबरपासून दोनशे पावलांत महिन्यात नऊ घरांत ताप". दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. चौघी मिळून जा, त्यात एखादी आजी असू द्या. पंधरा दिवसांत हालचाल नाही झाली तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो, तिथे तोच आवक क्रमांक लावून द्या. माझा चौथा अर्ज असा गेला आणि चेंबर नऊ दिवसांत उपसलं.

कट्टा

शेवटचं काम सगळ्यात स्वस्त. गल्लीत बसायच्या जागा मोजा. जुनी घरं पाडून नवी बांधताना कट्टे गेले आणि तिथे गाड्या लागल्या. गुडघेदुखीची बाई शंभर पावलांवर टेकायला जागा आहे हे माहीत असेल तरच घराबाहेर पडते, नाहीतर दारातच बसून राहते. आम्ही कडुलिंबाखाली आणि पीठगिरणीजवळ असे दोन कट्टे बांधले. जुन्या घरांच्या विटा, वर पाडलेल्या घरातलीच शहाबादी फरशी, गवंड्याची एक दिवसाची मजुरी. फरशीला समोरच्या बाजूने किंचित उतार द्या म्हणजे पावसाचं पाणी थांबत नाही. उंची दीड फूट ठेवा. आमचा पहिला कट्टा एक फुटाचा झाला होता. समोरच्या अक्कांना बसता आलं पण उठता येईना, दोघींनी हात धरून उठवावं लागलं. दुसऱ्या दिवशी फरशी काढून त्यावर विटांचे दोन थर आणखी चढवले.